मुद्दाम करून घेतलेली लागण

२७ जून २०१७ च्या संध्याकाळी न्हावा शेवा बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे संगणक बंद पडले. क्रेन शाबूत होत्या, कंटेनर जागच्या जागी होते, ट्रेलर फाटकावर येतच होते. पण कोणता कंटेनर कुणाचा, तो यार्डात कोणत्या रांगेत ठेवलाय आणि कोणत्या ट्रेलरवर चढवायचा, हे सांगणारी यंत्रणाच गेली होती. वीस फुटी कंटेनरच्या हिशेबाने वर्षाला १८ लाख कंटेनर हाताळण्याची क्षमता असलेले हे टर्मिनल कागद-पेनावर आले आणि रस्त्यावर ट्रेलर तुंबू लागले.

लागण इथली नव्हतीच. युक्रेनमध्ये करभरणीसाठी वापरल्या जाणाऱ्या 'एमई-डॉक' नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला त्या दिवशी अपडेट मिळाले आणि त्यातून 'नॉटपेट्या' हा घातक प्रोग्राम पसरला. डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीच्या जाळ्यात तो तिथून शिरला. न्हावा शेव्याचे टर्मिनल त्याच समूहातल्या एपीएम टर्मिनल्सचे, त्यामुळे कीव्हमध्ये सुरू झालेली गोष्ट काही तासांत उरणच्या खाडीकाठी येऊन पोचली.

उलवे तिथून काही किलोमीटरवर आहे. तेव्हा खारकोपरला लोकल यायची होती, अटल सेतू व्हायचा होता आणि नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याच्या टेकडीचे कापकाम सुरू होते. आता तिन्ही गोष्टी झाल्या. २०१८ मध्ये लोकल आली, जानेवारी २०२४ मध्ये सेतू खुला झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. सिडकोच्या या नोडमधल्या इमारतींत बंदराच्या जिवावर चालणारी घरे पुष्कळ आहेत. कुणी कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये कामाला, कुणी सीएचएच्या, म्हणजे कस्टम हाउस एजंटच्या कचेरीत, कुणी ट्रान्सपोर्टरकडे. या वस्तीत कॉम्प्युटर शिकणारा मुलगा किंवा मुलगी पुढेमागे ज्या यंत्रांची देखभाल करणार आहे, ती यंत्रे थांबली की नुसती कचेरी थांबत नाही, माल थांबतो.

मग लागण झालेल्या यंत्रांची दुरुस्ती शिकायची कुठे? आजवरचे सर्रास उत्तर 'दुसऱ्याच्या नुकसानीवर' असे आहे. कुणाचा तरी संगणक बिघडतो, घाबरलेला मालक डोक्यावर उभा असतो, 'फोटो तेवढे वाचवा हो' म्हणत असतो आणि शिकाऊ हात चाचपडत काहीतरी काढतात. बरे झाले तर नेमके कशाने ते कळत नाही, बिघडले तर फॉरमॅट. याहून प्रामाणिक वाट म्हणजे स्वतःच्या यंत्राला, बंद खोलीत, जाणूनबुजून लागण करून घेणे, ती नीट पाहणे आणि मग आपल्या हाताने काढणे. ऐकायला आततायीपणा वाटतो. पण मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, काढण्याच्या बहुतेक सगळ्या ज्ञानाच्या मुळाशी कुणीतरी केलेली अशी लागणच आहे.

ती बंद खोली म्हणजे व्हर्च्युअल मशीन. एका संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा, खोटा संगणक. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या फुकट मिळणाऱ्या साधनात तो तासाभरात उभा राहतो. त्यात विंडोज टाकायचे, इंटरनेट तोडायचे, मुख्य संगणकाशी सामायिक असलेले फोल्डर आणि क्लिपबोर्ड बंद करायचे आणि मग स्नॅपशॉट घ्यायचा. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणीची यंत्राची जशीच्या तशी स्थिती. पुढे काहीही झाले तरी एका क्लिकवर तिथे परत येता येते. या क्षेत्रात नमुने पासवर्ड लावलेल्या झिप फाइलमध्ये देण्याघेण्याचा रिवाज आहे आणि तो पासवर्डही वर्षानुवर्षे एकच, 'इन्फेक्टेड'. चुकून कुणाचा हात पडून फाइल उघडली जाऊ नये, एवढ्यासाठी ती काळजी.

पहिल्या अभ्यासाला मोठे नाव नको. २०१० च्या आसपास ज्यांनी झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावून प्रिंट काढल्या आहेत, त्यांना 'शॉर्टकट व्हायरस' आठवत असेल. घरी येऊन पेनड्राइव्ह उघडावा तर प्रत्येक फोल्डरच्या चित्रावर छोटा बाण. खरे फोल्डर गायब, त्यांच्या नावाचे शॉर्टकट तेवढे शिल्लक. कित्येकांनी सगळे गेले असे समजून पेनड्राइव्ह फॉरमॅट केला आणि त्याबरोबर कुणाचा प्रोजेक्ट रिपोर्ट, कुणाचे लग्नाचे फोटो खरोखरच गेले. वास्तविक काहीच गेलेले नसे. त्या किड्याने फोल्डरांना 'हिडन' आणि 'सिस्टिम' असे दोन शिक्के मारून फक्त नजरेआड केलेले असे. शॉर्टकटवर क्लिक केले की आधी त्याची छोटीशी स्क्रिप्ट चाले आणि मग खरा फोल्डर उघडे, म्हणजे माणसाला संशय येत नसे.

हा किडा बंद खोलीत चालवून पाहिला की पहिल्याच बैठकीत एक गोष्ट अंगवळणी पडते. काढण्याला क्रम असतो. नुसते शॉर्टकट डिलीट केले तर काही सेकंदांत परत येतात, कारण स्क्रिप्ट मेमरीत चालू असते. टास्क मॅनेजरमध्ये शोधून स्क्रिप्ट बंद केली, पण विंडोज सुरू होताना आपोआप चालणाऱ्या गोष्टींच्या यादीत तिने केलेली नोंद तशीच राहिली, तर संगणक पुन्हा चालू केल्यावर सगळे पहिल्यापासून. फाइल उडवली आणि नोंद विसरली, तर दर वेळी सुरुवातीला 'फाइल सापडत नाही' असा चौकोन येत राहतो. आपला संगणक अजून आजारीच आहे, असे मालकाला वाटत राहते. म्हणून आधी चालणारी प्रक्रिया थांबवायची, मग आपोआप चालण्याची नोंद काढायची, मग मूळ फाइल, शेवटी फोल्डरांवरचे शिक्के 'अ‍ॅट्रिब' या जुन्या आज्ञेने पुसायचे. मग संगणक बंद-चालू करून बघायचे. आणि पुन्हा एकदा बघायचे.

हे वाचून पाठ होते, पण कळत नाही. डिलीट केलेला शॉर्टकट डोळ्यांसमोर परत उगवला की कळते.

पाहण्यासाठी साधने चांगली आहेत आणि तीही फुकट आहेत. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या 'सिसइंटर्नल्स'ची साधने मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आपल्याकडे घेतली. त्यातले 'ऑटोरन्स' विंडोजबरोबर काय काय आपोआप सुरू होते त्याची पूर्ण यादी देते, तर 'प्रोसेस मॉनिटर' कोणत्या प्रोग्रामने कोणत्या फाइलला हात लावला हे ओळीओळीने सांगते. 'रेगशॉट' लागणीच्या आधीची आणि नंतरची रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही, शेजारी ठेवून फरक दाखवते. खरी विद्या त्या फरकात आहे. निरोगी विंडोज कसे दिसते हे ज्याने कंटाळा येईपर्यंत पाहिलेले नाही, त्याला लागलेल्या विंडोजमध्ये काय वावगे आहे ते दिसणार नाही. म्हणून लागण करण्याआधीचा, काहीच न घडणारा तास हा या शिक्षणातला सगळ्यात मोलाचा तास मानायला हवा. नेमका तोच बहुतेक जण गाळतात.

महाराष्ट्रात या विद्येची सुरुवात दुरुस्तीच्या दुकानात झाली, हे अभिमानाने सांगण्यासारखे आहे. सातारा जिल्ह्यातून पुण्याला आलेल्या कुटुंबातला कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागला. पगार महिना ४०० रुपये. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने मंगळवार पेठेत स्वतःचे दुकान टाकले, पुढे संगणक दुरुस्तीकडे वळला आणि धाकटा भाऊ संजय याला मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकवले. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरस सापडत. तो मायकेलअँजेलोसारख्या व्हायरसांचा काळ होता. हा व्हायरस फ्लॉपीतून पसरे, हार्ड डिस्कच्या अगदी पहिल्या भागात, बूट सेक्टरमध्ये बसे आणि ६ मार्चला डिस्कवरची माहिती पुसायला घेई. संजय एकेका व्हायरससाठी एकेक छोटे साधन लिहू लागला. ती साधने एकत्र करून त्यातूनच पुढे 'क्विक हील' झाले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली.

दर खेपेला यात वाखाणले जाते ते दहावीनंतर शिक्षण सोडलेल्याचे यश किंवा शेअरचा भाव. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्या दुकानाच्या टेबलावर घडली. बूट सेक्टरमध्ये बसलेला व्हायरस काढायचा तर त्याने मूळ सेक्टर उचलून कुठे ठेवलाय ते आधी शोधावे लागते, कारण तो परत जागेवर बसवल्याशिवाय यंत्र सुरूच होत नाही. व्हायरस पुसून टाकणे सोपे, पण तेवढ्याने संगणक बरा होत नाही. व्हायरसने नेमके काय उचलले आणि कुठे ठेवले हे ज्याने पाहिले आहे, त्यालाच ते परत करता येते.

ज्याने हा प्रयोग पहिल्यांदा शास्त्रशुद्ध रीतीने केला, त्याचा अनुभव विद्यापीठांनी वाचायलाच हवा. नोव्हेंबर १९८३ मध्ये अमेरिकेत पीएचडी करणाऱ्या फ्रेड कोहेनला लेन अ‍ॅडलमन यांच्या सेमिनारमध्ये आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामची कल्पना सुचली. युनिक्स चालवणाऱ्या व्हॅक्स ११/७५० यंत्रावर, परवानगी घेऊन, सगळी खबरदारी बाळगून त्याने ती तपासली. पाच वेळा प्रयोग झाला. पाचही वेळा संपूर्ण यंत्रणेवरचे सगळे अधिकार त्या प्रोग्रामच्या हाती आले, तेही सरासरी अर्ध्या तासाच्या आत. एका खेपेला तर पाच मिनिटेही लागली नाहीत. निष्कर्ष बाहेर आले आणि व्यवस्थापकांनी त्या यंत्रावर सुरक्षेचे आणखी प्रयोग करायला मनाई केली. धोका दाखवणाऱ्यालाच दार बंद. पुढे कोहेनने गणिताने सिद्ध केले की कोणताही प्रोग्राम व्हायरस आहे की नाही हे प्रत्येक वेळी अचूक ओळखणारा प्रोग्राम लिहिता येणे शक्यच नाही. आजही अनोळखी नमुना चालवून, समोर बसून पाहावा लागतो, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

पाहण्यालाही मर्यादा आहेत. आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत का, हे तपासून तसे आढळल्यास गप्प बसणारे मालवेअर कितीतरी आहे. काही जण बराच वेळ झोपून राहतात, काही माउस हलेपर्यंत थांबतात. म्हणून 'चालवले, काही झाले नाही, म्हणजे साधेच असेल' हा निष्कर्ष घातक.

याच गप्प बसण्यातून अलीकडची सगळ्यात गाजलेली सुटका झाली. १२ मे २०१७ ला फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा 'वॉनाक्राय' जगभर पसरला आणि ब्रिटनची सरकारी रुग्णालये त्याने अडवली. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या बावीस वर्षांच्या मार्कस हचिन्सने नमुना मिळवून आपल्या प्रयोगयंत्रात चालवला. पसरण्याआधी तो एका लांबलचक, अर्थहीन नावाच्या वेबपत्त्याला हाक मारतो आणि तो पत्ता कुणाच्याच नावावर नाही, असे त्याला दिसले. लागण किती आणि कुठे आहे ते मोजता यावे म्हणून त्याने १०.६९ डॉलर भरून तो पत्ता घेतला. थोड्या वेळाने त्याच्या कानावर आले की पत्ता नोंदवल्यामुळेच लोकांच्या फायली कुलूपबंद होत आहेत. दुसरीकडे डॅरिएन हस या संशोधकाला नेमके उलटे दिसत होते. खरे काय ते ठरवायला वादाचा उपयोग नव्हता. हचिन्सने नमुना पुन्हा चालवला, काहीच झाले नाही. मग आपल्या प्रयोगयंत्राला तो पत्ता सापडू नये अशी व्यवस्था केली आणि परत चालवला. या वेळी त्याच्या प्रयोगयंत्रातल्या फायली कुलूपबंद झाल्या. ते पाहून तो आनंदाने खोलीभर उड्या मारत होता, असे त्याने नंतर लिहिले आहे. पत्ता जिवंत असेल तर वॉनाक्राय स्वतःच थांबतो, हे त्याच क्षणी सिद्ध झाले होते.

त्याची पुढची गोष्टही सांगायला हवी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हचिन्सला अमेरिकेत अटक झाली. किशोरवयात त्याने बँकांचे तपशील चोरणारे 'क्रोनॉस' मालवेअर घडवायला हातभार लावला होता. २०१९ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि तुरुंगात काढलेले दिवस तेवढेच पुरे धरून न्यायाधीशांनी त्याला सोडले. हे कुतूहल एकाच माणसात दोन्ही दिशांना गेले. म्हणूनच शिकणाऱ्याला एकट्याने, अंधारात शिकायला लावणे धोक्याचे आहे. प्रश्न विचारायला कुणी जाणते माणूस हवे.

भारतीय कायदा याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या किंवा यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीवाचून व्हायरस सोडणाऱ्याला नुकसानभरपाई द्यावी लागते. बेइमानीने किंवा कपटाने तसे केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या संमतीने केलेला अभ्यास यात येत नाही. पण उलव्यातल्या वन बीएचकेमध्ये 'स्वतःचे यंत्र' कुठे संपते? त्याच वायफायवर बहिणीचा फोन आहे आणि रात्री घरी आणलेला बाबांचा कचेरीचा लॅपटॉपही, ज्यातून उद्या सकाळी कुणाच्या तरी मालाची कस्टमची कागदपत्रे भरली जाणार आहेत. वॉनाक्राय आणि नॉटपेट्या दोघेही विंडोजच्या फाइल-देवाणघेवाणीतल्या त्याच जुन्या छिद्रातून शेजारच्या यंत्रात शिरत. प्रयोगयंत्राचे नेटवर्क 'ब्रिज्ड' ठेवले तर ते घरच्या जाळ्यातलेच आणखी एक यंत्र होते आणि त्या छिद्राला भिंत ओळखता येत नाही. नेटवर्क कार्ड काढूनच ठेवावे.

आणि आता नॉटपेट्याकडे, कारण काढण्याची विद्या तिथे येऊन अडते. तो चालवून पाहणाऱ्यांना त्याच दिवशी बऱ्याच गोष्टी कळल्या. अमित सर्पर या संशोधकाला आढळले की विंडोजच्या फोल्डरमध्ये 'पर्फसी' नावाची फाइल आधीपासून असेल तर तो त्या यंत्रातल्या फायलींना हात न लावता थांबतो. यंत्र आपोआप रीस्टार्ट होऊन डिस्क तपासत असल्याचे खोटे चित्र दिसते, तेव्हा आतमध्ये कुलूप लावणे चालू असते. त्याच वेळी वीज तोडली तर पुष्कळ काही वाचते. पण ज्याची लागण पुरी झाली, त्याला या ज्ञानाचा काहीच उपयोग नव्हता. खंडणी मागताना पडद्यावर येणारी ओळखखूण निव्वळ यादृच्छिक होती, तिच्यावरून किल्ली काढणे खुद्द हल्लेखोरालाही शक्य नव्हते. खंडणीचा मुखवटा घालून केलेला तो विध्वंस होता. अशा यंत्रातून मालवेअर अगदी शेवटच्या बाइटपर्यंत काढले तरी हाती येते ती न वाचता येणारी डिस्क.

मर्स्कने म्हणूनच साफसफाईचा नाद सोडला. ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर दहा दिवसांत नव्याने उभे केले, असे कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दाव्होसला सांगितले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात. त्यातही एक अडचण जीवघेणी होती. कंपनीच्या जाळ्यात कोण कोण आहे आणि कुणाला कुठे प्रवेश, याची मुख्य नोंद ठेवणारे डोमेन कंट्रोलर एकमेकांची नक्कल सांभाळत. एक गेला तर दुसरा आहे, हा भरवसा. सगळे एकदम जातील हे कुणी धरलेच नव्हते. वाचला फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या आधीच तिथली वीज गेल्यामुळे तो जाळ्यातून तुटला होता. तिथून एवढी माहिती इंटरनेटने पाठवणे जमेना. घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी हार्ड डिस्क नायजेरियात दुसऱ्या सहकाऱ्याच्या हाती देण्यात आली आणि विमानाने लंडनला पोचली.

स्नॅपशॉटची सवय झालेल्या शिकाऊ हातांना ही गोष्ट मुद्दाम ऐकवायला हवी. प्रयोगयंत्रात दर वेळी मागे जाता येते, त्यामुळे लागण झाली तरी नुकसान कधी होतच नाही, असा एक खोटा विश्वास नकळत तयार होतो. न्हावा शेव्याच्या त्या टर्मिनलला मागे जाण्यासाठी क्लिक नव्हते. म्हणून अभ्यासाचा उत्तरार्ध स्नॅपशॉट न घेता करावा. प्रयोगयंत्रात महिनाभराची खोटी बिले, खोट्या याद्या, खोटी पत्रे भरावीत, बाहेर वेगळ्या डिस्कवर त्यांचा बॅकअप घेऊन ती डिस्क काढून ठेवावी, लागण करावी आणि मग सगळे पुसून, विंडोज नव्याने टाकून, बॅकअपमधून काम पुन्हा उभे करावे. किती तास लागले ते लिहून ठेवावे. बॅकअपमध्ये काय राहून गेले होते ते त्यातून कळते आणि ते याआधी कधीच कळलेले नसते.

फेब्रुवारी २०१७ पासून केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेचे 'सायबर स्वच्छता केंद्र' लागण झालेल्या संगणकांसाठी फुकट साधने देते आणि त्यात क्विक हीलचेही साधन आहे. उपक्रम चांगला आहे, पण साधन डाउनलोड करून चालवणाऱ्याला ते काय करते आहे हे कळत नाही. ते कळणारी माणसे पनवेल-उरण पट्ट्यातल्या पॉलिटेक्निक आणि बीएस्सी आयटीच्या वर्गांतूनच यायची आहेत, कारण बंदर इथे आहे, गोदामे इथे आहेत आणि आता विमानांचा मालही इथेच उतरणार. त्यासाठी फार काही लागत नाही. भंगारात निघालेले चार-पाच संगणक, त्यांना एकमेकांशी जोडणारा एक साधा स्विच, त्या स्विचपर्यंत इंटरनेटची वायर येणार नाही अशी एक खोली, कुलपाची किल्ली सांभाळणारा एक शिक्षक. आणि भिंतीवर प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचा एक कागद, की या खोलीतल्या या क्रमांकांच्या यंत्रांवर अभ्यासासाठी मालवेअर चालवायला संस्थेची परवानगी आहे. कलम ४३ ला हवी असलेली मालकाची संमती तेवढ्या कागदाने मिळते.